सतराचा पाढा आणि किमान वेतन

पूर्वी मी ज्या कचेरीत होतो तिथे संध्याकाळी साडेसहानंतर फरशी पुसायला एक मावशी यायच्या. बादली टेकवण्याआधी त्या खिडकीच्या कट्ट्यावर फोन उभा करायच्या, स्पीकर लावायच्या आणि मग फडकं पिळायला घ्यायच्या. पलीकडे त्यांचा मुलगा असायचा. "सतरा सक?" मावशी टेबलाखालून विचारायच्या. पलीकडे शांतता. "शंभर... एकशे दोन." "आणि साते?" पुन्हा शांतता. असं करत करत अख्खा मजला पुसून व्हायचा आणि सतराचा पाढा पुरा व्हायचा. आम्ही उशिरापर्यंत थांबलेले चारदोन लोक मान खाली घालून काम करत असल्याचं दाखवायचो, पण लक्ष सगळ्यांचं त्या "साते"कडे.

लोक आपला वेळ कशात घालवतात याच्या पाहण्या होतात. अमेरिकेत २००३ पासून अशी पाहणी दरवर्षी होते. माणसाला विचारतात, काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलंत, आणि प्रत्येक तुकड्यापुढे मुख्य काम लिहून घेतात. मावशींना असं कुणी विचारलं असतं, तर त्या दोन तासांपुढे "नोकरी" एवढाच शब्द पडला असता. पाढा कुठल्याच रकान्यात बसला नसता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी अशा पाहण्यांचे आकडे वापरणार आहे आणि त्या आकड्यांतून काय निसटतं हे वाचणाऱ्याच्या ध्यानात असलेलं बरं.

किमान वेतन वाढवायचा विषय निघाला की वाद ठरलेला असतो. एक बाजू म्हणते नोकऱ्या जातील, दुसरी म्हणते जाणार नाहीत. न्यू जर्सीने १ एप्रिल १९९२ ला तासाचा दर ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केला, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली मिळून चारशेवर फास्टफूडची दुकानं धुंडाळली. दर वाढल्यामुळे नोकऱ्या घटल्याचं त्यांना आढळलं नाही. त्यावर जो गदारोळ सुरू झाला तो अजून शमलेला नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं तरीही. मला त्या वादात भर घालायची नाही. दर वाढल्यावर संध्याकाळी मुलांजवळ कोण असतं, हा प्रश्न मला जास्त छळतो.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्याला दुहेरी उत्तर आहे. तासाला जास्त पैसे मिळू लागले की माणूस म्हणतो, आता तेवढ्याच पैशांसाठी कमी राबलं तरी चालेल. तो घरी थांबतो. याला उत्पन्न परिणाम म्हणतात. किंवा तो म्हणतो, आता एक तास घरी बसणं पूर्वीपेक्षा महाग पडतंय. तो जास्त राबतो. हा पर्यायता परिणाम. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये घरात घालवलेल्या वेळेलाही किंमत असते आणि ती बाहेर बुडालेल्या मजुरीतून मोजता येते, हे नीट मांडलं. त्या हिशेबाने मुलाला मांडीवर घेऊन बसलेली आई दर तासाला आपली मजुरी सोडत असते. मजुरी वाढली की मांडी महाग होते.

मांडणी नेटकी आहे. फक्त दोन गोष्टी तिला जुमानत नाहीत. पहिली अशी की ज्यांची मजुरी सगळ्यात जास्त, म्हणजे ज्यांची मांडी सगळ्यात महाग, तेच लोक मुलांना जास्त वेळ देताना दिसतात. २००८ मध्ये गुरयान, हर्स्ट आणि किर्नी या तिघांनी अमेरिकेच्या वेळपाहणीतून दाखवलं की पदवीधर आया शाळेपर्यंतच शिकलेल्या आयांपेक्षा आठवड्याला सुमारे साडेचार तास अधिक मुलांच्या संगोपनात घालवतात. आणि पदवीधर आया नोकरीतही जास्त तास असतात, बरं का. तास नोकरीतून कापून आलेले नाहीत. ते इतर कुठून तरी आले. घरकाम बाहेर सोपवून, घराजवळ राहून, बॉसला "आज चारला निघते" एवढं सांगून.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे. पुस्तकातला मजूर सकाळी उठून ठरवतो की आज किती तास काम करायचं. प्रत्यक्षात किमान वेतनावरचा मजूर सकाळी उठून फोन बघतो, आज ड्युटी लागली आहे की नाही ते. तास तो निवडतच नाही. त्याला बारा तास उभं करतात किंवा चार तासांवर घरी पाठवतात. अशा माणसाच्या वागण्याला उत्पन्न परिणाम आणि पर्यायता परिणाम लावणं म्हणजे बसमधल्या प्रवाशाला विचारणं, तुम्ही हे वळण का घेतलंत.

मावशींच्या बाबतीत काय झालं ते पाहिलेलं आहे. दर वाढला. त्या महिन्यात खूश होत्या. पुढच्या महिन्यात कंत्राटदाराने आठ तासांची पाळी सहाची केली. मजले तेवढेच राहिले. "तेवढंच पुसायचं, फक्त पळत पुसायचं," त्या म्हणाल्या. महिन्याचा पगार जवळपास होता तिथेच आला, आणि सुटलेले दोन तास? ते मुलाच्या वाट्याला आले असते तर मी हा लेख वेगळा लिहिला असता. मावशींनी दुसरीकडे दोन तासांचं काम धरलं. जाण्यायेण्यात पाऊण पाऊण तास. म्हणजे कागदावर दर वाढला, कागदावर तास घटले, आणि मुलगा रोज दीड तास अधिक एकटा राहिला.

एका मावशींवरून धोरण ठरवू नये हे मान्य. पण अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराचा वाद नेमका इथेच अडकला होता. तिथे टप्प्याटप्प्याने दर वाढवत २०१६ मध्ये मोठ्या मालकांसाठी तो तासाला १३ डॉलरवर नेला. २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने सांगितलं की कमी पगाराच्या कामांत तासाची मजुरी तीनेक टक्क्यांनी वाढली, पण कामाचे तास नऊ टक्क्यांच्या आसपास घटले. त्याच महिन्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या गटाने त्याच शहरातल्या उपाहारगृहांबद्दल सांगितलं की रोजगार घटल्याचं दिसत नाही. दोन्ही गटांनी एकमेकांच्या पद्धतीवर बोट ठेवलं. कोण बरोबर याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. मला खटकलं ते असं की "तास नऊ टक्के घटले" हे वाक्य एका बाजूने नुकसान म्हणून वाचलं आणि दुसऱ्या बाजूने अमान्य केलं; ते तास गेले कुठे, हा प्रश्न त्या गलक्यात कुणी मोठ्याने विचारलेला माझ्या तरी कानावर आला नाही. घटलेला तास आईने स्वतः सोडला असेल तर ती कमाई आहे. मालकाने कापला असेल तर ती कपात आहे. बेरजेत दोन्ही सारखेच दिसतात.

आता जरा मागे जाऊ, कारण ही गफलत आजची नाही.

१९०७ मध्ये ऑस्ट्रेलियात न्यायमूर्ती हिगिन्स यांच्यापुढे शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याचा खटला आला: तिथली मजुरी रास्त आहे का? रास्त म्हणजे काय हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं. हिगिन्स यांनी कामगारांच्या बायकांच्या साक्षी घेतल्या, घरभाडं किती, जळण किती, किराणा किती. आणि ठरवलं की बायको आणि तीनेक मुलं असलेल्या माणसाला सुधारलेल्या समाजातला माणूस म्हणून काटकसरीने पण धड जगता येईल एवढी मजुरी ती रास्त. आकडा आला दिवसाला ७ शिलिंग. पोटाला लागेल तेवढं द्या, मालकाला परवडेल तेवढं नव्हे, ही कल्पना इथून पुढे जगभर गेली. मोठं काम होतं ते. पण त्या ७ शिलिंगांत एक माणूस फुकट धरलेला होता. साक्ष द्यायला आलेली ती बायकोच. मुलांची मोजदाद झाली, त्यांच्या बुटांची झाली. त्यांना न्हाऊ घालणारे हात घरात आहेतच असं गृहीत धरून हिशेब पुढे सरकला.

आपल्याकडे १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचं सूत्र दिलं, त्यातही तेच. एका कमावत्यामागे तीन उपभोग एकके, म्हणजे कुणाला किती लागतं याची मापं: नवरा १, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. माणशी उष्मांक किती, कापड कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड, वर भाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी वीस टक्के. बायकोची आणि मुलांची कमाई हिशेबात धरायची नाही, असंही त्यात स्पष्ट आहे. हेतू चांगला होता. मुलांना कामाला जुंपून पगार भागवू नका, असा. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, करमणूक, म्हातारपणाची तजवीज यांसाठी आणखी पंचवीस टक्के जोडायला सांगितले. म्हणजे मूल या सूत्रात तीनदा येतं, पोट म्हणून, अंग म्हणून आणि शाळेची फी म्हणून. त्याला लागणारा वेळ एकदाही येत नाही. तो ०.८ मध्ये गुपचूप बसलेला आहे.

ती ०.८ आता घराबाहेर पडली आहे, आणि पडली ते योग्यच झालं. काही लोक इथे येऊन थबकतात आणि म्हणतात, बघा, बायका घरी होत्या तेव्हा प्रश्न नव्हता. प्रश्न होता, बिल कुणी पाठवत नव्हतं इतकंच. शिवाय एका पगारात भागणारी घरं तेव्हाही मोजकीच होती. शेतात, विडीच्या तट्ट्यावर, दुसऱ्यांच्या घरात बायका राबतच होत्या, सूत्राला त्या दिसत नव्हत्या.

अमेरिकेचा १९३८ चा कायदा मला म्हणून जास्त शहाणा वाटतो. फ्रान्सिस पर्किन्स या तिथल्या पहिल्या महिला मजूरमंत्री. त्या मागे लागल्या आणि तो झाला. तासाला २५ सेंट किमान दर, आठवड्याला आधी ४४ आणि पुढे दोन वर्षांत ४० तासांची मर्यादा, त्यावर काम घेतलं तर दीडपट मजुरी, आणि बालमजुरीला बंदी. सगळं एका कायद्यात. दर, तास आणि मूल ही एकाच दोरीची तीन पदरं आहेत हे त्या पिढीला कळलेलं होतं. पुढे आपण ती सुटी केली. दराचं खातं वेगळं, तासांचं वेगळं, आणि मुलांचं तर भलत्याच विभागाकडे. (त्या कायद्यालाही घरकामगार दिसल्या नव्हत्या. दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बायकांना त्याचं छत्र मिळायला १९७४ उजाडलं.)

मग दर वाढवून मुलांना काहीच मिळत नाही का? मिळतं, आणि नुसतं दूध-वह्या नव्हे. अमेरिकेत केंद्राचा दर २००९ च्या जुलैपासून ७.२५ डॉलरवर गोठलेला आहे, पण राज्यं आपापले दर वेगवेगळ्या वेळी वाढवत आली आहेत, त्यामुळे तुलना करता येते. २०१७ मध्ये रेसियन आणि बुलिंजर यांनी २००४ ते २०१३ ची नोंदवही तपासली. दर एक डॉलरने वाढला की मुलांकडे दुर्लक्ष झाल्याच्या तक्रारी ९.६ टक्क्यांनी घटतात, असं त्यांना दिसलं. "दुर्लक्ष" हा शब्द मात्र जपून वाचावा. मूल घरी एकटं होतं, अंगावर पुरेसे कपडे नव्हते, दवाखान्यात नेलं नाही, हे त्यात येतं. आई कामावर होती म्हणून मूल एकटं होतं आणि आईला फिकीर नव्हती म्हणून एकटं होतं, या दोन गोष्टी तक्रारीच्या कागदावर एकाच नावाने उतरतात. एका डॉलरने माणसं एकदम मायाळू झाली असं कुणी मानणार नाही. ती आधीही मायाळूच होती. डॉलरने शेजारणीला मुलावर लक्ष ठेवायचे पैसे देता आले, किंवा सुटीच्या दिवसाची ड्युटी नाकारता आली.

यात आणखी एक गोष्ट आहे जी तासांत मोजता येत नाही. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर झालेलं एक संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. तोडणीआधी हातात पैसा नसताना आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर त्याच शेतकऱ्याला त्याच धाटणीची कोडी घातली. पैसा आल्यावर तो ती बरी सोडवायचा. माणूस तोच, डोकं तेच, फक्त डोक्यात भाडं-उधारी घोळत नव्हती. मुलांजवळ बसलेल्या आईबापाला हे लावून पाहा. महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी बाप शेजारी बसलेला असतो, पण असतो का? मुलांना हे बरोबर कळतं. "बाबा, ऐकताय ना?" हे वाक्य तारखेप्रमाणे कमीजास्त ऐकू येतं. पगार पुरू लागला की तेवढ्याच अर्ध्या तासातला बाप बदलतो, आणि हा फायदा वेळेच्या कुठल्याच पाहणीत उमटत नाही.

तरी दरवाढीचा वाटा वाटेत गळतो, हे झाकून चालणार नाही. ब्रिटनमध्ये गरीब कुटुंबाला मिळणारी सरकारी मदत कमाईप्रमाणे घटते. ठरावीक मर्यादेच्या वर कमावलेल्या प्रत्येक पौंडामागे २०२१ पासून ५५ पेन्स कापले जातात. म्हणजे मुलंबाळं असलेल्या ज्या घराला मदत जास्त, त्याच घराला वाढीव दरातला निम्म्याहून कमी वाटा हाती लागतो, आणि बिनमुलांच्या तरुणाला जवळपास सगळा. ज्याच्याकडे वेळ विकत घ्यायचं कारण आहे त्यालाच तो सगळ्यात महाग. दुसरी गळती पाळणाघरात. दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बायका स्वतः बहुतेक किमान दराच्या आसपासच असतात. त्यांचा दर वाढला की पाळणाघराची फी वाढते, आणि ती भरणारी आईही किमान वेतनावरच असेल तर एका बाईची वाढ दुसऱ्या बाईच्या खिशातून जाते. यावर "मग दर वाढवूच नका" असं म्हणणारे भेटतात. मला हे उलटं दिसतं. मुलं सांभाळणं हे काम इतकी वर्षं स्वस्त राहिलं ते कुणाच्या तरी जिवावर, आणि त्याची खरी किंमत दोन गरीब बायकांमध्ये वाटून टाकण्याऐवजी सरकारी तिजोरीतून यायला हवी.

थोरल्या बहिणींचा उल्लेखही व्हायला हवा. आईबाप दोघंही बाहेर असले की धाकट्यांना भरवणारी, झोपवणारी, शाळेला दांडी मारून तापाशी बसणारी ती असते. दरवाढीमुळे आई एक तास लवकर घरी आली तर तो तास अनेकदा धाकट्याला मिळत नाही, त्याला तो आधीही मिळतच होता. तो थोरलीला परत मिळतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की दर वाढवणं हे अर्धं काम आहे, आणि उरलेलं अर्धं तासांवरच्या हक्काचं आहे. हा हक्क काही हवेतला नाही. त्याच सिअ‍ॅटल शहराने २०१७ च्या जुलैपासून मोठ्या दुकानांना आणि उपाहारगृहांना सक्ती केली की ड्युटीचा तक्ता चौदा दिवस आधी लावायचा, नंतर बदलला तर कामगाराला भरपाई द्यायची, आणि नवा माणूस घेण्याआधी जादा तास जुन्या माणसांना विचारायचे. ओरेगॉनने राज्यभर तसाच कायदा केला. न्यूझीलंडने २०१६ मध्ये, एकाही तासाची हमी न देता माणसाला सतत हजर ठेवणारे करार बंद केले. हाच देश १८९४ मध्ये लवादाच्या कायद्याने मजुरीच्या किमान दराची वाट काढणाऱ्यांत पहिला होता, हे ओघाने आठवलं.

छोट्या मालकांची अडचण खरी आहे. गिऱ्हाईक चौदा दिवस आधी सांगून येत नाही. पण आज ती अनिश्चितता सगळीच्या सगळी कामगाराच्या घरावर ढकललेली आहे, आणि त्याच्या घरातून ती खाली मुलावर. मालक ती थोडी उचलू शकतो. सहा वर्षांचं पोर उचलू शकत नाही. आणि माझ्या मते पाळीला किमान तासांची मर्यादा नसेल तर तासाच्या किमान दराला फारसा अर्थ उरत नाही. दर वाढवताना पाळी कापली आणि काम तेवढंच ठेवलं, तर ती दरवाढ धरू नये, असा नियम लिहायला कुठल्या अर्थशास्त्राची आडकाठी आहे?

बेकारीतला मोकळा वेळ हाही वेळच, असं सांगणारे आलेख मी पाहिले आहेत. नोकरी गेलेल्या आईबापांचा मुलांबरोबरचा वेळ वाढलेला दिसतो. ती रेघ वर जाताना पाहून आनंद मानणाऱ्याने अशा घरातली एक संध्याकाळ बसून पाहावी.

कचेरी सोडण्याआधी एकदा मावशींना विचारलं होतं, सरकारने काय करावं तुमच्यासाठी. मला वाटलं दराचा आकडा सांगतील. फडकं पिळता पिळता त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्याची ड्युटी शनिवारीच सांगा म्हणावं. पोराला सांगता येतं मग, कुठल्या दिवशी मी घरी आहे." मग फोनकडे वळून, "हं, थांबलास का रे? एकोणीस त्रिक?"